तेवढं अजून न्हाय

बांगड्यांना चिंध्या गुंडाळून आणि जोडव्यांवर दोरा करकचून बांधून मी हिमालय पाहिला आहे. हसू नका. माझ्याबरोबर दहा-बारा बाया-पुरुष होते आणि सगळ्यांची हीच गत होती. दुधनीच्या एका तूरडाळीच्या व्यापाऱ्यांनी तर कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याला पायमोजा चढवला होता. हुकूमच तसा होता. हुकूम सोडणारे गृहस्थ एरवी वर्षभर सोलापुरात मंगळवार पेठेत शिलाई मशीन दुरुस्त करायचे, आणि मे महिना लागला की दुकानाला कुलूप घालून ओळखीपाळखीच्या माणसांना केदारनाथ, तुंगनाथ असं घेऊन जायचे. दर्शन घडवायचे, पहाडातल्या गावांत मेंढपाळांच्या घरी मुक्काम घडवायचे, आणि या सगळ्याच्या वर जंगलातली जनावरं दाखवायचे. म्हणजे दाखवायचा प्रयत्न करायचे.

'यात्रा कंपनी' हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. लगेच भडकायचे. "कंपनीत लाडू मिळतोय, गादी मिळतीय. तितं जावा की! माझ्याकडं चालायचं आन् गप बसायचं." जेवणाचं म्हणाल तर कडक भाकऱ्यांनी भरलेले दोन रॉकेलचे डबे आणि शेंगाचटणी सोलापुराहून निघायची. पण त्यातही गोम होती. कडक भाकरी जंगलात खायची नाही, कारण चावताना आवाज होतो. बाहेर कुठं भूक लागली तर ती चहात बुडवून मऊ करायची आणि मग गिळायची. शेंगाचटणी लावलेली भाकरी चहात! मी हे घरी सांगितलं तेव्हा आमच्या घरातले तीन दिवस हसत होते.

माझी त्यांची ओळख मशीनमुळंच झाली. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि शिवणाच्या तासाचं एक मशीन सारखं दोरा तोडायचं. दुकानात गेले तर भिंतीवर देवाचं कॅलेंडर नाही, सिनेमानटीही नाही. कुठल्याशा मासिकातून कापलेलं निळ्या-हिरव्या पिसांच्या पक्ष्याचं चित्र. "मोर का?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या आईला कुणाची तरी मोलकरीण म्हणाले. "मोनाळ हाय तो. केदारच्या वाटंला भेटतोय." मग मशीन बाजूला राहिलं आणि तासभर मोनाळ. निघताना म्हणाले, "एप्रिलच्या आत न्या हे. मे महिन्यात मशीन बिघडलं तर तुमचं नशीब."

ज्याला बरोबर जायचं असेल त्याची आधी परीक्षा. घरी येऊन पहिलं वाक्य, "पाय दाखवा." ना नमस्कार, ना पाणी. टाचा बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायचे, नखं वाढलेली दिसली तर तिथंच बोलायचे. मग रविवारी सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती चालायचं, पाठीवर ज्वारीच्या पिठाची पिशवी बांधून, आणि अवाक्षर न काढता. हे मागून चालत. कुणी "ऊन लई झालंय" एवढं म्हटलं की मागून आवाज यायचा, "बाद!" सोलापूरच्या माणसानं उन्हाबद्दल बोलायचं नाही म्हणजे काय चेष्टा आहे? निम्मी माणसं पहिल्याच वळणावर गळायची.

माझ्या सासूबाईंना मात्र त्यांनी पहिल्याच फेरीत पास केलं. घरात त्यांना सगळे अव्वा म्हणत. वय सत्तरीला टेकलेलं, माहेर अक्कलकोटकडचं, निम्मं बोलणं कानडीत. मरायच्या आधी केदार बघायचा एवढी एकच इच्छा होती. आम्ही लिंगायत; केदारचं पीठ आमच्या पाच पीठांतलं, त्यामुळं ती ओढ लहानपणापासूनची. माझ्या नवऱ्याला रजा मिळेना, मला शाळेची सुट्टी, म्हणून जोडी आमची ठरली. अव्वा तळ्याला आख्खी फेरी मारून आल्या आणि तोंडातून शब्द नाही. ते चकित झाले. वाकून पाया पडले आणि म्हणाले, "अव्वा, तुमी सगळ्यांच्या म्होरं चालायचं."

"मी मंत्र म्हणत होते मनात," अव्वा म्हणाल्या. "तुमच्या जनावरांचं मला काय बी सांगू नका. मी केदारसाठी येतीय."

"देव कुटं जातोय का, अव्वा? जागेवर हाय त्यो. जनावर जातंय. म्हणून आदी जनावर."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते नुसतं वाक्य नव्हतं, तसंच ते वागायचे, आणि त्यापायी शिव्याही खायचे. केदारनाथ हाकेच्या अंतरावर, कळस दिसतोय, दार बंद व्हायची वेळ झालेली, आणि यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. का? तर खडकावर मोनाळ. दुधनीचे व्यापारी तिथंच कडाडले, "अहो, मी कोंबडी बघायला आलोय का हितवर?" पक्षी अर्थातच उडाला. मला वाटलं आता हाणामारी होते. पण हे शांतपणे म्हणाले, "शेठ, कुणाच्या घरी गेल्यावर दारातली रांगोळी बघता का न्हाय? का तुडवून आत जाता?" व्यापारी फणफणत पुढं गेले. गंमत अशी की परतताना त्याच खडकापाशी ते आपणहून थांबले आणि मला दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, बघा बरं, आलीय का परत ती."

देवळात गेल्यावर ते काय करतात याची मला फार उत्सुकता होती. हात जोडून ओठ हलवत असायचे. मला वाटे स्तोत्र म्हणत असतील. केदारला गर्दीत मी नेमकी त्यांच्या मागं आले आणि कान दिला. काय म्हणत असावेत? "आज दोन मोनाळ. एक घोरल, रानबकरं त्ये, पलीकडच्या कड्यावर. मेंढपाळाचा कुत्रा चावायला आला हुता, पर चावला न्हाय. तेवढं अजून न्हाय." एवढं म्हणून घंटा वाजवली आणि बाहेर. मी तर तोंडाला पदर लावून उभी.

'तेवढं' म्हणजे काय ते मला चहाच्या टपरीवर कळलं. तरुणपणी ते लष्कराच्या शिवणखात्यात मशीनं दुरुस्त करायला पहाडात होते. तिथं एका शिकाऱ्यानं कस्तुरीमृग मारून विकायला आणला होता. कस्तुरी काढून घेतलेली, जनावर जमिनीवर टाकलेलं. "शेळीच्या पिल्लाएवढं हुतं बघा. डोळं उघडं. मी पापण्या मिटायला बघितलं तर मिटंनात." त्यांनी भरलेला कप बाजूला सरकवला. "तवापास्नं ठरवलंय. एक डाव जित्तं बघायचं. बास." त्यानंतर इतक्या वर्षांच्या इतक्या खेपा आणि कस्तुरीमृग त्यांना एकदाही दिसला नव्हता. बाकी जगाला कडक भाकरी चहात बुडवायला लावणारा हा माणूस, यासाठी लावत होता. माझा त्यांच्यावरचा निम्मा राग तिथंच उतरला.

त्यांचं हिंदी हा एक वेगळाच विषय. सोलापुरातल्या मोहल्ल्यातून शिकलेलं. पहाडी माणूस गडबडून जायचा. "काय कू पळते, ठैरो की जरा," असं खेचरवाल्याला म्हणायचे आणि खेचरवाला आमच्याकडं बघायचा. पण तुंगनाथच्या पायथ्याच्या गावातला एक वाटाड्या होता, त्याचं आणि यांचं मात्र फार जमायचं. दोघं कोपऱ्यात बसून तासन् तास कुजबुजत. त्या खेपेला आम्ही तिथं पोचलो, तर हा वाटाड्या वाटच बघत होता. वरच्या जंगलात कस्तुरीमृगाच्या ताज्या लेंड्या दिसल्या होत्या. दोन दिवस पहाटे गेलो तर नक्की, असं त्याचं म्हणणं पडलं.

झालं! संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत सभा भरली. पांढरं कुणी नेसायचं नाही. साबण लावायचा नाही. बांगड्या, जोडवी, किल्ल्या, सगळं बांधायचं. "आन् चकाकणारं काय बी अंगावर दिसता कामा नये. सोनं न्हाय, चांदी न्हाय. झाका."

आता आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लिंगायताच्या गळ्यात लिंग असतं. लहानपणी गुरूनं बांधलेलं, चांदीच्या डबीत, दोऱ्याला. रोज अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर नजर लावायची, पूजा करायची, आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. हल्ली सगळे इतकं कडक पाळतात असं नाही. अव्वा पाळत. त्यांच्या गळ्यातली डबी साठ वर्षांत उतरली नव्हती. तो हुकूम ऐकून त्यांनी काय केलं? डबी चकाकते म्हणून जुन्या काळ्या खणाचा तुकडा कापून तिची पुरचुंडी केली, आणि गळ्यातला रुपेरी गोंडा असलेला दोराही चमकतो म्हणून मेंढपाळणीकडून घेतलेल्या लोकरीच्या धाग्यात ती ओवली. आपण होऊन. कुणाला न सांगता. जनावरांशी मला काय करायचंय म्हणणाऱ्या बाईनं!

पहाटे गेलो. धुक्यात दोन तास दगडासारखे बसलो. काही दिसलं नाही. परत आलो, अव्वांनी अंघोळ केली, पाटावर बसल्या, गळ्याशी हात नेला. आणि हात तिथंच राहिला.

धागा तुटला होता. पुरचुंडी जंगलात कुठंतरी पडली होती. काळ्या मातीत काळं फडकं, सापडणार कसं?

आम्ही सगळे पुन्हा वर गेलो. व्यापारी गेले, त्यांची बायको गेली, वाटाड्या गेला. हे तर हातापायांवर रांगत होते, झुडपांत हात घालून पाला उपसत होते. कोपरं सोलवटली. दुपार होत आली. नाहीच सापडलं.

अव्वा खोलीच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाणी पुढं केलं. "बेड," त्या कानडीत म्हणाल्या. नको. लिंग हरवलं तर गुरूच्या हातून नवं मिळेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, हे मलाही ठाऊक होतं. पण सत्तरीची बाई, तो डोंगर, ती विरळ हवा! मी विनवलं, रडले, शेवटी ओरडले. "अव्वा, देव समजून घेईल हो!"

"देव घेईल समजून," अव्वा म्हणाल्या. "मी न्हाय घेणार."

मी बाहेर आले आणि त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले. तुमची जनावरं, तुमची चिंध्यांची थेरं, माझी सासू इथं गेली तर घरी काय तोंड दाखवू? ते बुटांच्या नाड्या आवळत होते. खाली उखीमठ होता, केदारच्या रावळांची, म्हणजे मुख्य आचार्यांची गादी. तिथं लिंग देणारे आमचे गुरू, जंगम स्वामी असतात, कानडी बोलणारे. अर्धी वाट पायी, पुढं जीप मिळाली तर मिळाली. "जंगमांना घेऊन येतो," ते म्हणाले. "उद्या दुपारपत्तूर. तवर तेवढी काळजी घ्या."

वाटाड्या धावत आला. "बाबूजी, कल सुबह मत छोड़िए. कल पक्का है. मैं जाता हूँ नीचे."

"तेरे कू कानडी आती क्या?" त्यांनी विचारलं. "अव्वा का क्या हुआ, उदर कौन बोलेगा? तू इन लोगां कू सुबू लेके जा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "झाका म्हणून मी बोललो, बाई. मलाच जायला पायजे." आणि उतरणीला लागले. एकदाही जंगलाकडं बघितलं नाही त्यांनी. मी बघत होते ना.

ती रात्र कशी काढली ते माझं मला ठाऊक. सकाळी वाटाड्या बाकीच्यांना घेऊन वर गेला. अव्वांचे ओठ सुकून पांढरे झाले होते, पण पूजेची वेळ झाली म्हणून उठल्या. मी धरून खोलीमागच्या दगडावर बसवलं. मांडी घातली, डावा हात छातीसमोर उचलला आणि रिकाम्या तळहातावर नजर लावून बसल्या. मला ते बघवेना. तोंड धुवायला पाणी आणते म्हणून मी झऱ्यावर गेले.

परत आले तर अव्वा तशाच. माझी चाहूल लागताच नुसते ओठ हलले. "हलू नको." मला समोर एक कलंडलेलं झाड दिसलं आणि त्याची फांदी हलताना दिसली. बस्स.

"काय होतं?"

"शेळीगत हुतं काय तरी. शिंगं न्हायत, आन् तोंडातनं दोन सुळं भाईर आलेलं. डावीकडनं आलं. माझ्याकडं बघितलं. मग त्या वाकड्या झाडावर चढलं."

"झाडावर? शेळी झाडावर चढली?" सुळे कस्तुरीमृगाला असतात हे आम्ही ऐकून होतो, पण झाडावर चढणं? उपासानं यांना भास व्हायला लागले. "अव्वा, डोळ्यांपुढं अंधारी आली असेल."

"अंधारीला सुळं असत्यात का?" अव्वा अशा काही तडकल्या की मला थोडा धीरच आला.

बाकीची मंडळी परतली. चिंध्या, पायमोजे सगळं बांधून दोन तास बसूनही त्यांना काही दिसलं नव्हतं. दुपार कलायच्या आधी खालून खेचराच्या घंटा वाजल्या. खेचरावर भगव्या कपड्यातले वृद्ध जंगम, आणि लगाम धरून हे, एक बूट फाटून दोऱ्यानं बांधलेला. रात्रभर चालले होते म्हणे. जीप मिळालीच नव्हती.

जंगम आत आले, अव्वांजवळ बसले आणि विचारलं, "याव ऊरु, तायी?" कुठलं गाव, आई? ते कानडी कानावर पडलं आणि आतापर्यंत कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या अव्वा हुंदका देऊन रडल्या. "सोल्लापूर," म्हणाल्या. विधी झाला. नवं लिंग गळ्यात आलं, तळहातावर आलं. पूजा झाल्यावर अव्वा पाणी प्यायल्या. हे सगळं होईपर्यंत ते आत आले नाहीत, पायरीवर आमच्याकडं पाठ करून बसले होते. मी चहा नेला तर टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "प्याल्या का?" मी म्हटलं, "प्याल्या." माझ्या आदल्या दिवशीच्या बोलण्याचं त्यांनी नावही काढलं नाही. देवमाणूस म्हणतात तो हाच असावा, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आजही वाटतं.

अव्वांनी त्यांना आत बोलावलं आणि सकाळचं सांगितलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, नका हो, नका सांगू. ज्याच्यासाठी हा माणूस जन्मभर झुरला ते त्याला सोडून अव्वांना दिसलं, भास का असेना, हे ऐकून त्याचं काय होईल? सुळ्यांपर्यंत ते नुसते ऐकत होते. ते वर्णन तर त्यांनीच आम्हाला शंभरदा केलं होतं. पण अव्वा म्हणाल्या, "झाडावर चढलं," आणि ते ताडकन उठून उभे राहिले.

"काय म्हणालात?"

"चढलं म्हणतीय न्हवं! वाकड्या झाडावर. शेवाळ खाल्लं आन् उतरलं."

कस्तुरीमृग कलंडलेल्या झाडावर चढतो, हे त्यांना फार वर्षांपूर्वी एका मेंढपाळानं सांगितलं होतं. लोक हसतील म्हणून त्यांनी ते कुणापुढंच काढलं नव्हतं. आमच्यापुढंही नाही. "अव्वा, बघितलं तुमी! जित्तं बघितलं!" ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "पुन्हा सांगा की. पयल्यापास्नं. डावीकडनं आलं, मग?"

दुसऱ्या दिवशी तुंगनाथला मी मुद्दाम त्यांच्या मागं उभी राहिले. मोनाळ सांगून झाले. मेंढरं सांगून झाली. मग 'तेवढं'ची पाळी आली. "अव्वानं बघितलं," ते देवाला म्हणाले आणि जोरात घंटा वाजवली.

त्यांना स्वतःला ते पुढंही कधी दिसलं नाही. जात राहिले दर मे महिन्यात. पण सोलापुरात असले की सोमवारी संध्याकाळी आमच्या घरी हजर. स्टूल ओढायचे आणि म्हणायचे, "सांगा की, अव्वा." अव्वा सांगायच्या. धुकं, दगड, रिकामा तळहात, डावीकडनं आलेलं जनावर. एखादा शब्द गाळला तर हे टोकायचे, "कान हलवलं म्हणाला हुता मागल्या खेपंला." अव्वा म्हणायच्या, "व्हय बाबा, हलवलं." वर्षानुवर्षं हेच. आमच्या घरच्यांना तोंडपाठ झालं होतं, आणि माझा नवरा तर सोमवारी मुद्दाम उशिरा यायचा.

मग अव्वा अंथरुणाला खिळल्या. बोलणं बंदच झालं. चार-पाच दिवस डोळेही उघडले नव्हते. सोमवारी ते आले, स्टूल ओढलं, "सांगा..." म्हणाले आणि थांबले. मग स्टूल उशाशी आणखी जवळ ओढलं.

"आज मी सांगतो, अव्वा," ते म्हणाले. "तुमी ऐका."

आणि सांगायला लागले. अव्वांच्याच शब्दांत, अव्वाच होऊन. दगडावर बसले हुते. हात असा धरला हुता. धुकं हुतं. "आन् मग उजवीकडनं ते आलं."

मी चमकून बघितलं. इतके सोमवार ऐकलेला माणूस हे चुकेल? छे! पण ते तसेच थांबून राहिले, पुढं सांगेनात. पांघरुणाखाली काहीतरी हललं. अव्वांचा डावा हात बाहेर आला, जरासा उचलला गेला.

"डावीकडनं," अव्वा म्हणाल्या.

"चुकलो, अव्वा," ते म्हणाले. "डावीकडनं. मग?"

अव्वांनी श्वास गोळा केला. "मग माझ्याकडं बघितलं," त्या म्हणाल्या. "आन् झाडावर चढलं."